देवाला तहान लागली तो शिमगा

मी एकदा देवाला आडवा पाडला आहे.

हे वाक्य ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या वयाचा अंदाज घेत हळूच माझ्या तब्येतीची चौकशी करतो. पण ते खरं आहे. भर शिमग्यात, भर दुपारी, आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, साऱ्या वाडीदेखत मी हे केलं. लग्न होऊन नुकती कोकणात आले होते. पुण्याची मुलगी, ताजी ताजी डॉक्टर. स्टेथोस्कोप पर्समध्ये नाही, गळ्यात, मंगळसूत्राच्या वर. दिसू दे की सगळ्यांना!

पूर्णगडच्या अलीकडे आमचं गाव. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघरी येते. आमच्या खळ्यात ती आली आणि नाचायला लागली. ढोल असा की शेणाने सारवलेली जमीन पायाखाली हलत होती. पालखीचा पुढचा दांडा तात्यांच्या खांद्यावर होता. तात्या म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी, सागाच्या खांबासारखा माणूस. एकाएकी त्यांनी दांडा शेजारच्याच्या खांद्यावर दिला आणि ते थरथरायला लागले. डोळे वर गेले, दात घट्ट आवळले, अंगाला झटके येऊ लागले. सगळ्यांनी हात जोडले. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत ही! एकाला फिट आली आहे आणि ही नमस्कार करताहेत!

मग काय, पाठ्यपुस्तकाचं आख्खं प्रकरण माझ्या अंगात आलं. पदर खोचला, तात्यांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना खाली घेतलं. कुशीवर वळवलं, बंडीची बटणं सोडली, सासूबाईंच्या ताटातला देवीच्या ओटीचा खण उचलून त्यांच्या डोक्याखाली दिला. एका हाताने नाडी धरली, दुसऱ्या हाताने गाव मागे सारलं आणि ओरडले, "बाजूला व्हा! हवा येऊ द्या!"

ढोल थांबला, ताशा थांबला. कुठलं तरी पोर खुदकन हसलं आणि त्या शांततेत सासूबाईंचा आवाज आला, "अगो बाय माझे, ती फिट नाय. तो देव हाय."

तात्यांना अवसर आला होता. अवसर म्हणजे अंगात देव येणं. दर शिमग्याला तो त्यांच्याच अंगात येतो, लोक आपापली गाऱ्हाणी सांगतात, देव उत्तरं देतो, कपाळाला अंगारा लावतो. त्या वर्षी देव काही बोलला नाही. बिचाऱ्याला मी सवडच दिली नाही.

पुढचं वर्षभर माझी शोभा झाली. बाजारात मासे घ्यायला गेले तर कोळीण म्हणायची, "डॉक्टरीणबाय, सुरमय घ्या. आडवीच हाय, पाडायला नको." हे रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत बातमी पोचली होती. आणि मी? घरी येऊन उशीत तोंड खुपसून ठरवलं, यापुढे शंभर टक्के खात्री असल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. केवढी शहाणी! शंभर टक्के खात्रीची वाट बघायची तर पेशंटबरोबर आपणही म्हातारं व्हायचं.

परवा पुन्हा शिमग्याचा निरोप आला. मी आता रत्नागिरीत लेकीजवळ असते, पण पालखीला गावी जायचंच. तिथल्या घराचं दार उघडलं की आधी काजूच्या बोंडांचा वास येतो, गोड आणि जरासा आंबूस. मागोमाग तापलेल्या कातळाचा. आंब्याचा मोहोर गळून त्याजागी कैऱ्या धरलेल्या असतात आणि बागाईतदार आभाळाकडे पेशंटच्या नातेवाइकासारखे बघत असतात. काजूगरांच्या उसळीसाठी बिया सोलून माझी बोटं काळी होतात. पूर्वी त्या काळ्या बोटांनी मी पेशंट तपासायची तेव्हा पुण्याची माझी आई म्हणायची, "हात तरी धुतेस का गं?" धुवायची, बियांचा चीक जात नाही त्याला मी काय करू?

शिमगा हा माझ्या धंद्याचाही हंगाम. चाकरमानी मुंबईहून येतात आणि आल्या आल्या म्हातारीला दवाखान्यात घेऊन येतात. वर्षभराची काळजी त्यांना एका सकाळीत उरकायची असते. म्हातारी खुर्चीत बसते आणि सांगते, "मला काय नाय." मुलगा म्हणतो, "रात्रभर खोकते." म्हातारी म्हणते, "तो घोरतो, म्हणून मी खोकते." परीक्षांच्या पोटदुख्याही याच दिवसांत, गोवर-कांजिण्याही याच दिवसांत. या गर्दीत एकदा बाकावरचा पुढचा पेशंट समोर येऊन बसला. मी मान वर न करता विचारलं, "काय दुखतंय?" उत्तर आलं, "काही नाही. तुला बघायला आले." माझी लेक होती, शाळेच्या गणवेशात. नंबर लावून बसली होती. मी हसले, तीही हसली. तिला आठवतही नाही म्हणते ती. मला आठवतं, आणि ते आठवलं की आजही मान वर करूनच विचारते, काय दुखतंय.

तर, देवाला पाडल्यानंतरचं वर्ष. गावी आमच्या पडवीत मी दर रविवारी दवाखाना मांडायची आणि तिथे सुरुवातीला कुणी म्हणजे कुणी यायचं नाही. एक टेबल, एक बाक, मी आणि माश्या. सासूबाई आतून म्हणायच्या, "माश्यांना तरी आडवं पाड." पहिला पेशंट आला तो पावसाळ्यात, गुडघाभर चिखलातून, पायाला फडकं गुंडाळून. तात्या! मला वाटलं, उट्टं काढायला आले. ते बाकावर बसले, पाय पुढे केला आणि म्हणाले, "जखम भरत नाय. जी बाय देवाला पाडते तिला ह्या काय जड?"

तेव्हा बोटाला टोचून साखर सांगणारी यंत्रं आमच्या पडवीत नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. तात्यांच्या नळीचा रंग निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा आणि शेवटी थेट विटकरी, घराच्या भिंतीतल्या चिऱ्यासारखा. मी खूश झाले. हो, खोटं कशाला बोलू! तरुण डॉक्टरला निदान सापडलं की आधी आनंदच होतो. पेशंटची आठवण त्यानंतर येते.

मग मी तात्यांना भाषण दिलं.

"साखर बंद."

"व्हय."

"भात निम्मा."

"व्हय."

"ही गोळी रोज सकाळी. काही झालं तरी चुकवायची नाही. घरात लग्न असो, मयत असो."

"व्हय."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय महाराजा!" तात्यांचं "व्हय" त्या चालीतलं होतं. तो होकार नसतो. तो मान असतो. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं की मी बोलते आहे आणि समोरचा माणूस ऐकतो आहे. बोलण्यात मी इतकी रंगले की त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. तुम्ही जेवता कधी? उपास किती करता? काही नाही. आणि गंमत अशी की बाकी सगळं कानाआड करणाऱ्या तात्यांनी एक गोष्ट मात्र इमानेइतबारे पाळली. गोळी! पाय बरा झाला. तात्यांमागून वाडी आली, वाडीमागून गाव आलं. बाक भरला.

पुन्हा शिमगा आला.

पालखीच्या दिवशी तात्यांचा कडक उपास असे. पालखी सगळी घरं फिरून सहाणेवर, म्हणजे देवीच्या बसायच्या चौथऱ्यावर, टेकेपर्यंत पाण्यापलीकडे काही नाही. उपास मोडला तर पालखी खांद्यावर घ्यायचा मान गेला. तो मान त्यांच्या बापाचा, आज्याचा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तात्या सकाळी उठले, गोळी घेतली आणि अनवाणी कातळ तुडवायला निघाले.

आमच्या खळ्यात पालखी आली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. तात्या पुन्हा थरथरायला लागले. पुन्हा ढोल चढला. काही लोकांनी देवाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी तर माझा पदरच धरून ठेवला होता, खुंट्याला बांधल्यासारखा.

मी हात जोडले. डोळेही मिटले, म्हणजे कुणाला शंका नको.

गाऱ्हाणी सुरू झाली. वरच्या घरच्या काकी पुढे झाल्या, "महाराजा, धाकट्याचं लगीन कधी ठरंल?"

तात्या पुटपुटले, "म्हैस... म्हैस बांध रे."

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे दुभत्याच्या घरातली पोर बघा." काकींनी मान डोलावली. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" दुसऱ्याने शेताच्या बांधाचं विचारलं. तात्या पुन्हा म्हणाले, "म्हैस."

माझा डावा डोळा किलकिला झाला. देव विषय बदलत का नाही? मनातली डॉक्टर म्हणाली, नाडी बघ. मनातली सून म्हणाली, गप्प उभी राहा, गेल्या वर्षीची सुरमई अजून तळून संपलेली नाही. लोकांना वाटतं, डॉक्टरला पेशंटच्या मरणाची भीती वाटते. वाटते, पण ती भीती लांबून येते. हसं होण्याची भीती जवळच उभी असते, पदर धरून.

आणि मी उभीच राहिले. किती वेळ, ते सांगायला मला अजून आवडत नाही.

अंगारा लावायची वेळ आली. घरची सून म्हणून मी पुढे वाकले. तात्यांचा अंगठा माझ्या कपाळावर टेकला आणि घसरला. थंड. ओला. कातळ तव्यासारखा तापलेला आणि या माणसाचा हात विहिरीतल्या कळशीसारखा! गेल्या वर्षी मी हेच मनगट धरलं होतं. तेव्हा ते निखाऱ्यासारखं गरम होतं आणि पकड अशी की माझी बांगडी वाकली. देवाचा हात कसा असतो हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मिठी मारून बघितला होता मी! हा तो हात नव्हता.

मी मनगट धरलं. नाडी धावत होती. कानाशी वाकून विचारलं, "तात्या, सकाळी गोळी घेतलीत?"

"व्हय."

"खाल्लंत काय?"

तात्या माझ्या पलीकडे कुठेतरी बघत म्हणाले, "म्हैस."

साखर उतरली होती. गोळी माझी, उपास त्यांचा. दोघांची गाठ मी घालून दिली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर गेल्या वर्षी नसलेली फिट या वर्षी खरोखर आली असती, आणि फिटवर भागलं असतं तर नशीब.

"सरबत आणा!" मी ओरडले. पालखीवाल्यांसाठी कोकम सरबताचं पातेलं ओटीवर भरून ठेवलेलं होतं. ह्यांना औषधांची बॅग आणायला पिटाळलं. हे धावत आत गेले आणि धावत भाजीची पिशवी घेऊन आले.

पण पातेल्याच्या आड मघाचा म्हातारा उभा राहिला. "उपास हाय त्याचा. सहाणेवर जाईस्तवर पाण्याशिवाय काय नाय. मान जाईल त्याचा."

त्याच्याशी साखरेवर वाद घालत बसले असते तर तो "व्हय" म्हणाला असता आणि जागचा हलला नसता. मी म्हटलं, "उपास कुणाचा?"

"तात्याचा."

"आणि हे आत्ता कोण उभे आहेत?"

म्हातारा गडबडला. "देव."

"देवाला उपास असतो?"

मग मी गळा मोकळा सोडला. पुण्यात वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसं मिळवलेला गळा, तो एकदाचा कामी आला. "देवाला तहान लागली आहे! चालत चालत आमच्या दारी आलाय, त्याला सरबत पाजू द्या!"

आणि सवयीने, विचार करायच्या आत, अख्खं खळं गरजलं, "व्हय महाराजा!"

माझा पदर सुटला. सासूबाई आत जाऊन साखरेचा डबाच घेऊन आल्या होत्या आणि पेल्यात मूठमूठ साखर टाकत होत्या. मी पहिला घोट ओठांशी लावून थांबले. गिळतात का ते पाहिलं, कारण न गिळणाऱ्याच्या तोंडात ओतलं तर ते श्वासात जातं. कंठ हलला. दुसरा घोट. पेला संपला. दुसरा पेला. ढोलवाला काठ्या हातात धरून उभा होता, वाजवू की नको, त्याला कळेना. तात्यांच्या कपाळावरचा घाम हळूहळू आटला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि दरडावून विचारलं, "पालखी थांबवलीत कशाला रे?"

मग मात्र मी सहाणेपर्यंत पालखीबरोबर चालले. पालखीचा दांडा तात्यांच्या भावाच्या खांद्यावर दिला; तात्यांचा हात नुसता दांड्याला आणि माझा हात त्यांच्या नाडीला. त्या दिवशी देवाला घरोघरी तहान लागली. केळ्यांचीही भूक लागली. एका खळ्यात तर देवाने दुसरं केळं मागून घेतलं तेव्हा देवाच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. मान गेला नाही. गावाने माझी थट्टाही थांबवली नाही, नुसता तिचा विषय बदलला.

तेव्हापासून पेशंट समोर बसला की मी उपासाचं विचारते. शिमग्याच्या आधी, नवरात्राच्या आधी, रमजानच्या आधी माणसं आपणहून येतात, "डॉक्टरीणबाय, गोळ्यांचं गणित बदलून द्या." बदलून देते. कुणाला उपास करू नका असंही सांगते, तेव्हा तो "व्हय" म्हणतो, आणि मी त्याच्या बायकोला बोलावते. डॉक्टरकीतलं पुष्कळसं मला पुस्तकांनी शिकवलं. माणसाला तोंड उघडायला सवड द्यायची, हे मात्र बाकावरच्या माणसांकडूनच शिकावं लागलं, आणि मी काही हुशार विद्यार्थिनी नव्हते.

हे सगळं आज आठवायचं कारण आमची सई. माझी नात. नुकती डॉक्टर झाली आहे, राजापूरकडे एका सरकारी दवाखान्यात असते. काल तिचा फोन आला, नाक ओढत. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या एका गृहस्थांना तिने तातडीने रुग्णवाहिकेतून रत्नागिरीला पाठवलं. सायरन वाजवत. तिथे निघालं काय? काजूगरांची उसळ, तीनदा वाढून घेतलेली. गॅस! गृहस्थ एसटीने हसत परत आले आणि दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटून गेले.

"सगळे हसताहेत गं आजी. आता मी ठरवलंय, पुढच्या वेळी आधी थांबणार. नीट खात्री होईपर्यंत काही करणार नाही."

मी जेवताना फोन घेतला होता. हातातला घास खाली ठेवला. तेच वाक्य. उशीत तोंड खुपसून म्हटलेलं माझं वाक्य, इतक्या वर्षांनी फोनमधून माझ्याच कानात आलं. मी म्हटलं, "सई, हसू दे त्यांना. उसळ खाल्लेला हसत परत आला ना? थांबली असतीस आणि तो गॅस नसता, तर?"

मग मी तिला तात्यांची गोष्ट सांगितली. पाडल्याची तिला पाठ आहे, लहानपणापासून ती हीच गोष्ट मागून झोपायची. दुसऱ्या शिमग्याची मी तिला कधी सांगितली नव्हती. हात जोडून किती वेळ उभी राहिले, तेही काल पहिल्यांदा सांगितलं.

"मग तात्या तुला काय म्हणाले?" तिने विचारलं.

पालखी सहाणेवर बसल्यावर तात्यांना मी आमच्या पडवीतच निजवलं होतं, नजरेसमोर. सकाळी ते बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत पीत होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं, "तात्या, काल देव नव्हता. माझ्या गोळीने तुमची साखर उतरली होती. उपासाचं मी विचारलंच नव्हतं. आणि काल मला शंका आली, तरी मी हसतील म्हणून उभी राहिले."

तात्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले,

"अगो, देव आला तेव्हा मला आडवा पाडलंस, नि देव नव्हता तेव्हा हात जोडून उभी ऱ्हायलीस! पुढच्या शिमग्याला आधी माझा हात धरून बघ, नि मग काय तो नमस्कार कर."